वकीलपत्र कोणाचे?

परभणी जिल्ह्यातील पेडगाव हे माझे गाव. वकिलीच्या व्यवसायामुळे मी परभणीस राहतो. तथापि एखाद्या रविवारी गावी गेलो म्हणजे विहाराच्या ओसरीवर बसणे होते. वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविण्याची चाल तेथे अद्याप टिकून आहे. एकजण वाचतो आणि अक्षरओळख नसलेले वृद्ध, शेतातून परतलेल्या बाया व शाळकरी मुले ऐकतात. अशाच एका रविवारी एका बातमीचे वाचन संपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले, “वकीलसायब, ह्यो लिहिणारा कोनाकडून हाय?”

प्रश्न चार शब्दांचा होता. कोर्टात वीस वर्षे उभा राहिलेल्या मला त्याचे उत्तर देता आले नाही. ते देण्याचा यत्न करावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

ती बातमी एका गायरानाच्या तंट्याची होती. पेडगावापासून फार दूर नसलेल्या एका गावी आपल्या समाजातील काही कुटुंबे गायरानाचा तुकडा वर्षानुवर्षे कसून पोट भरीत होती. एका रात्री त्यांच्या उभ्या पिकावरून नांगर फिरला. त्या कुटुंबांचे वकीलपत्र माझ्याकडे होते. एक वार्ताहर तेथे आला, बायांची गाऱ्हाणी त्याने वहीत टिपून घेतली, मोडलेल्या पिकाची छायाचित्रे काढली आणि धीर देऊन निघून गेला. दोन दिवसांनी छापून आले ते असे की, किरकोळ गैरसमजातून उद्भवलेला वाद अमुक नेत्यांच्या यशस्वी मध्यस्थीने मिटला असून गावातील सलोखा अबाधित आहे. पुढे काही महिन्यांनी तोच वार्ताहर त्याच नेत्यांच्या व्यासपीठावर त्यांचा प्रसिद्धीप्रमुख म्हणून बसलेला मी या डोळ्यांनी पाहिला. आणि मौज अशी की, विरुद्ध पक्षाने त्या बातमीचे कात्रण महसुली अधिकाऱ्यापुढे कागद म्हणून दाखल केले! वर्तमानपत्रातील बातमी ही ऐकीव गोष्ट असते, लिहिणाऱ्याची साक्ष झाल्यावाचून ती पुरावा ठरत नाही, हे कायद्याचे तत्त्व मी सांगितले. परंतु कात्रणाने आपले काम तोवर केले होते.

येथे कोणी म्हणेल की, पत्रकाराने राजकारणात जाऊच नये काय? पुढाऱ्याने वर्तमानपत्र काढू नये काय? आमचे तसे मुळीच म्हणणे नाही. मराठी वृत्तपत्रांचा इतिहास म्हणजे अर्ध्याहून अधिक राजकारणी माणसांचाच इतिहास होय. टिळक संपादक होते आणि पुढारीही होते. आचार्य अत्रे यांनी १९५६ साली ‘मराठा’ काढला तो संयुक्त महाराष्ट्रासाठी लढण्याकरिता, हे त्यांनी कधी लपविले नाही. बाळ ठाकरे व्यंग्यचित्रकाराची नोकरी सोडून १९६० साली ‘मार्मिक’कडे वळले आणि त्यातून पुढे एक पक्ष उभा राहिला. ‘लोकसत्ते’चे संपादक राहिलेले विद्याधर गोखले १९८९ साली शिवसेनेतर्फे लोकसभेत गेले. ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादकपद भूषविलेले भारतकुमार राऊत २००८ साली त्याच पक्षातर्फे राज्यसभेत गेले, तर ‘लोकसत्ते’चे माजी संपादक कुमार केतकर २०१८ साली काँग्रेसतर्फे. ‘सामना’चे संजय राऊत २००४ पासून राज्यसभेत आहेत. ‘लोकमत’चे संस्थापक जवाहरलाल दर्डा राज्याचे मंत्री होते. यांतील कोणाचे मत आपणांस पटो वा न पटो, हे कोणाकडून बोलत आहेत, असा प्रश्न पेडगावच्या ओसरीवर पडत नाही. त्यांची पाटी दारावर लटकलेली आहे. ती वाचून ज्याला आत जावयाचे त्याने जावे.

इतकेच काय, आपल्याशी ज्यांनी उघड वैर धरले त्यांच्याविषयीही मी हेच म्हणेन. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. अनंतराव भालेरावांच्या ‘मराठवाडा’ दैनिकाने नामांतरास विरोध केला. तो विरोध आपल्याला झोंबला आणि त्याचा प्रतिवाद आपण १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे केला. परंतु प्रतिवाद करता आला तो विरोधक समोर उभा होता म्हणून. अग्रलेख कोणाचा, बाजू कोणती, हे ठाऊक होते. उघड्या शत्रूशी लढता येते; साक्षीदाराचा वेष घेऊन येणाऱ्या वकिलाशी लढावे तरी कसे?

माझ्या व्यवसायातील एक उदाहरण घेऊन हा मुद्दा अधिक स्पष्ट करतो. न्यायालयात तीन निरनिराळी माणसे असतात. पक्षकार असतो, त्याचा वकील असतो आणि साक्षीदार असतो. पक्षकाराला स्वतःचे हित असते आणि ते असणारच. वकील त्या हितासाठी बोलतो, त्याबद्दल फी घेतो, आणि ही गोष्ट त्याने आरंभीच वकीलपत्र दाखल करून जाहीर केलेली असते. साक्षीदार मात्र जे पाहिले तेच सांगण्यास बांधलेला असतो. सार्वजनिक जीवनात राजकीय पुढारी हा पक्षकार, जनसंपर्क अधिकारी हा त्याचा वकील आणि पत्रकार हा साक्षीदार होय. या तिन्ही धंद्यांत कमीपणा काहीच नाही. पुढाऱ्याचे म्हणणे लोकांपुढे नीट मांडणारा माणूस हवाच. शासनाचेही माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे आणि ते आपल्या नावानेच बोलते. पण एकाच खटल्यात एकाच माणसाने तिन्ही जागा बळकावल्या, तर न्याय होईल काय?

म्हणूनच आमच्या धंद्याला नियम आहेत. ज्या प्रकरणात आपणांस साक्ष द्यावी लागेल असे वकिलाला वाटते, ते प्रकरण त्याने घेऊ नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. ज्या पक्षकारास सल्ला दिला, त्याच्या विरुद्ध पक्षाकडून त्याच प्रकरणात उभे राहता येत नाही. वकिलाला जाहिरात करता येत नाही. न्यायाधीशाचा नियम त्याहून कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशास देशातील कोणत्याही न्यायालयात वकिली करण्यास संविधानाच्या १२४ व्या अनुच्छेदाने मनाई केली आहे. आणि उच्च न्यायालयाच्या निवृत्त कायम न्यायाधीशास सर्वोच्च न्यायालय व इतर उच्च न्यायालये वगळता अन्य कोणत्याही न्यायालयात उभे राहण्यास २२० व्या अनुच्छेदाने मनाई आहे. एकाच वेळी वकिली व पत्रकारिता करता येईल काय, हा प्रश्न २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा बार कौन्सिलने त्यास नकार दर्शविला. संविधानकारांनी न्यायाधीशांवर अविश्वास दाखविला असे कोणी म्हणत नाही. उद्या ज्या दारी जावयाचे आहे त्या दाराकडे आजचा निकाल देताना माणसाची नजर वळते, हा मनुष्यस्वभाव त्यांनी ओळखला होता. जो नियम न्यायाधीशास लागतो, त्याची सावलीही पत्रकारावर पडू नये, असे तो कोणता मोठा ऋषी लागून गेला आहे?

या प्रश्नाचे मूळ किती खोल गेले आहे, हे आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्याने २००९ साली देशाला दाखविले. त्या वर्षी विधानसभेची निवडणूक झाली. भोकर मतदारसंघात तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण उभे होते. त्यांच्या स्तुतीने पानेच्या पाने भरलेली निघाली. पत्रकार पी. साईनाथ यांनी उजेडात आणले की, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच मजकूर शब्दशः छापला गेला होता. आणि उमेदवाराच्या हिशेबात वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च दाखविला होता ५,३७९ रुपये! प्रकरण निवडणूक आयोगापुढे गेले. असा हिशेब तपासण्याचा आयोगास अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये सांगितले. त्यानंतर आयोगाने नोटीस काढली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. तेव्हा त्या गृहस्थांना दोषी म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि मी तसे म्हणतही नाही. परंतु उमेदवार सुटला म्हणून प्रश्न सुटत नाही. एकच मजकूर निरनिराळ्या दैनिकांत निरनिराळ्या वार्ताहरांनी एकाच शब्दांत कसा लिहिला? तो मुळात कोणी लिहिला? त्याचे वकीलपत्र कोणाचे होते? याचे उत्तर वाचकास आजवर मिळालेले नाही.

या ‘पैसे घेऊन छापलेल्या बातम्यां’ची चौकशी करण्यासाठी प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली. तिने ७१ पानांचा अहवाल लिहिला. कौन्सिलने २०१० साली काय केले? तो अहवाल बाजूला ठेवून, वृत्तपत्रांची नावे गाळलेला, आटोपशीर असा दुसरा प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांस पाहावयास मिळाला तो माहितीच्या अधिकाराखाली आदेश झाल्यानंतर, २०११ साली. जगातील सर्वांची नावे छापणाऱ्यांना स्वतःची नावे छापली जाण्याची एवढी धास्ती वाटावी, यापरते लाजिरवाणे काय असेल?

कायद्याची गंमत पाहा. निवडणुकीत कोणी हातभर कागदाचे पत्रक काढले तर त्यावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापावी लागतात. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२७-अ हे कलम तसे सांगते. वर्तमानपत्रावर मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे हवीत, हे १८६७ च्या कायद्याने सांगितले आणि त्याच्या जागी १ मार्च २०२४ पासून अमलात आलेला नवा कायदाही सांगतो. म्हणजे कागद कोणाचा हे कायद्याला कळते. परंतु त्या कागदावरील शब्द कोणाच्या कचेरीतून आला, हे विचारण्याची सोय नाही. आज तर प्रसिद्धीपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि जसेच्या तसे पानावर बसते. तीन पत्रांत शुद्धलेखनाची चूकदेखील एकाच जागी सापडते!

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. इंग्लंडात अँडी कुल्सन नावाचे संपादक होते. त्यांच्या वृत्तपत्रातील फोन-चोरीच्या प्रकरणामुळे २००७ साली त्यांनी संपादकपद सोडले. त्याच वर्षी ते विरोधी पक्षाचे प्रसिद्धीप्रमुख झाले आणि २०१० साली पंतप्रधानांच्या कचेरीत जाऊन बसले. २०११ साली त्यांना ती जागा सोडावी लागली आणि २०१४ साली त्याच फोन-चोरीच्या प्रकरणात तुरुंगात जावे लागले. परंतु लंडनच्या वाचकाजवळ दुसरी दहा पत्रे आहेत. त्याची बातमी एकाने दडपली तर दुसरा छापतो. खेड्यातील आपल्या माणसाची बातमी तालुक्याच्या एका वार्ताहराने दडपली की ती कायमची दडपली जाते.

आणि आपल्याला त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे परभणीकरास शिकविण्याची गरज नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, जाळपोळ आणि त्यामागोमाग धरपकड झाली. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. त्यास मारहाण झाली नाही, त्यास श्वसनाचा विकार होता, अशा आशयाचे निवेदन शासनाने विधानसभेत केले. शवविच्छेदनाच्या कागदावर मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. पुढे ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि ३० जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

त्या डिसेंबरात प्रत्येक वार्ताहराच्या हाती दोन कागद होते. एक सरकारी निवेदनाचा आणि दुसरा शवविच्छेदनाचा. ज्यांनी दुसरा कागद छापला त्यांचे आपल्यावर ऋण आहे आणि ते मी येथे जाहीरपणे मान्य करतो. पण विचार करा, उद्या एखाद्या मंत्र्याच्या कचेरीत प्रसिद्धी अधिकारी व्हावयाचे ज्याने आज मनात योजिले आहे, त्याचा हात कोणत्या कागदाकडे जाईल? कोठडीत मेलेला मुलगा कोणाला नोकरी देऊ शकत नाही. याच प्रकरणात सोमनाथच्या मातेच्या वतीने उच्च न्यायालयात अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले. ते एका राजकीय पक्षाचे नेते आहेत हे न्यायमूर्तींना ठाऊक होते, सरकारी वकिलांना ठाऊक होते. तरी कोणाची फसवणूक झाली नाही, कारण आपण कोणाकडून बोलतो हे सांगूनच ते बोलले.

येथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा त्यावर संपादक म्हणून त्यांचे नाव नव्हते. पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. बाबासाहेब त्या वेळी सिडनेहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत प्राध्यापक होते. मग तेही पडद्याआडून लिहिणे नव्हे काय? मी उत्तर देतो, नव्हे. त्यांनी लपविले ते स्वतःचे नाव, आपला पक्षकार लपविला नाही. तो पत्राच्या शिरावरच छापलेला होता. ज्यांना बोलण्याची बंदी होती त्या मुक्यांचा नायक, एवढे नावच त्यांचे वकीलपत्र होते. आजच्या प्रसिद्धीबहाद्दराचे नेमके उलट आहे. तो स्वतःचे नाव छायाचित्रासह छापतो आणि पक्षकाराचे लपवितो.

दुसरीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ‘मूकनायका’ची जाहिरात पैसे देऊ केले असताही ‘केसरी’ने छापली नव्हती. त्या काळी आपली जाहिरातसुद्धा विकत घेता येत नव्हती. आज ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला बातमीदेखील विकत घेता येते. दोन्ही वेळा दाराबाहेर राहिलो ते आपणच!

बाबासाहेब लेखणी विकण्यापासून वाचले ते काही श्रीमंत होते म्हणून नव्हे. त्यांनी पोटाची सोय निराळी ठेवली होती. ‘बहिष्कृत भारता’चे रकानेच्या रकाने त्यांनी एकट्याने भरले, त्या वर्षांत ते वकिली करीत होते आणि बाटलीबॉयच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. पैशाअभावी ते पत्र १९२९ साली बंद पडले. परंतु ते कोणाच्या दारी नेऊन बांधले गेले नाही. १९४३ साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हिंदुस्थानातील वृत्तपत्रव्यवसायाची तुलना साबणाच्या कारखानदारीशी केली होती. ती ऐकून त्या वेळी पुष्कळांना राग आला असेल. आज साबणवाल्यालाच राग यावा अशी स्थिती आहे, कारण साबणाच्या वडीवर निदान कारखान्याचे नाव खरे असते.

तालुक्याच्या वार्ताहराचा संसार कसा चालतो, याची मला जाणीव आहे. पुष्कळांना पगार म्हणून काही मिळतच नाही. जाहिराती गोळा कराव्या आणि त्यावरील कमिशनवर घर चालवावे, अशी मालकांनी लावून दिलेली रीत आहे. मग पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी काढावी लागते. आणि ज्याच्याकडून काल जाहिरात घेतली त्याच्याविरुद्ध आज लिहिणे संभवत नाही. या गरीब माणसावर सारा दोष ढकलून मालकाला मोकळे सोडणे अन्यायाचे होईल. आपल्या समाजातील शिकलेले तरुण या व्यवसायात आले ते जिद्दीने; त्यांना बढती मिळाली नाही, पाने मिळाली नाहीत, म्हणून त्यांतील काही एखाद्या नेत्याच्या कचेरीत गेले. त्यांना मी भिक्षेकरी म्हणणार नाही. त्यांनी खुशाल जावे, पगार घ्यावा, मुलाबाळांस शिकवावे. पण जाताना पत्रकाराची टोपी दारात उतरवून ठेवावी. सकाळी नेत्याचे भाषण लिहावयाचे आणि संध्याकाळी त्याच भाषणाची ‘निःपक्षपाती’ समीक्षा करावयाची, हे चालणार नाही.

यास्तव माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली अशी की, जो लेखक वा वार्ताहर कोणा पक्षाचे, नेत्याचे अथवा प्रसिद्धीसंस्थेचे काम करतो, त्याने ते लेखाच्या शिरावर छापावे. ज्याचे मीठ खातो त्याचे नाव सांगण्यात लाज कसली? दुसरी अशी की, वार्तांकनाच्या जागेवरून प्रसिद्धीच्या वा सत्तेच्या जागेवर आणि तेथून परत येताना काही काळ मध्ये जावा. तो किती असावा हे पत्रकारांच्या संघटनांनीच ठरवावे, पण ठरवावे. तिसरी मागणी आपल्या समाजाकडे आहे. आपल्या पत्रांची वर्गणी भरा. जयंतीच्या फलकांवर गावोगाव जो पैसा जातो, त्यातील थोडा तरी आपली बातमी लिहिणाऱ्या माणसाच्या पगारास लावा. ज्याला आपण पोसत नाही, त्याने आपल्याशी इमान राखावे अशी अपेक्षा करण्याचा आपणांस कोणता अधिकार आहे?

मी स्वतः कोणाकडून लिहितो हेही सांगतो. गायरानाच्या त्या कुटुंबांचे वकीलपत्र माझ्याकडे आहे, त्यांचे प्रकरण अजून चालू आहे आणि या लेखात मी त्यांच्या बाजूचा माणूस आहे. कोणत्याही पक्षाचा मी सभासद नाही. या लेखाचे मानधन घेतलेले नाही. वाचकांनी हे लक्षात ठेवूनच माझे म्हणणे तोलावे आणि हलके भरल्यास टाकून द्यावे.

पुढल्या रविवारी मी पेडगावास जाईन तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांना सांगणार आहे की, बाबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही, ते लिहिणाऱ्याजवळ आहे. म्हणून तो प्रश्न मला न विचारता त्याला विचारा. तो गावात आला, वही उघडली आणि “सांगा, काय झाले?” असे म्हणाला, की आधी त्याला बसावयास पाट द्या, पाणी द्या आणि विचारा, तू कोणाकडून आला आहेस? त्याने सांगितले, तर आपली हकीकत खुल्या मनाने सांगा. न सांगेल, तर त्याची वही कोरीच जाऊ द्या.